भूवैज्ञानिक नकाशांकन व जीपीएस : विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य

एखाद्या प्रदेशात उघड्या पडलेल्या खडकांचे प्रकार, त्यांच्या परस्परसीमा, त्यांचे कल आणि त्यांना छेदणाऱ्या भित्ती, भेगा, विभंग इ. प्रत्यक्ष पाहून त्यांची स्थाने नकाशावर मांडण्याच्या कामास भूवैज्ञानिक नकाशांकन म्हणतात. भूविज्ञानाच्या अभ्यासक्रमात या कामाचा अनुभव विद्यार्थ्यास क्षेत्रकार्यातून मिळतो. त्यातील स्थाननिश्चितीचा भाग विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली, म्हणजे जीपीएस, या उपग्रहाधारित साधनाने होऊ लागला व आता तो महाविद्यालयीन क्षेत्रकार्यातही रूढ झाला आहे. हातात मावणारा ग्राही किंवा साधा मोबाइल फोन काही सेकंदांत अक्षांश व रेखांश देतो. मात्र तो देतो ते निरीक्षकाचे स्थान होय. पायाखालचा खडक कोणता, दोन लाव्हा प्रवाहांमधील सीमा कोठून जाते, समोरची काळी रांग भित्तीची आहे की केवळ न झिजलेल्या प्रवाहाची, यांपैकी कशाचेही उत्तर त्याच्यापाशी नसते. हा भेद लक्षात न घेतल्यास दिसावयास अत्यंत नीटनेटका, परंतु भूवैज्ञानिक दृष्ट्या चुकीचा नकाशा तयार होतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचा परिसर या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील खडक सकृद्दर्शनी एकसारखे, त्यांचे कल अल्प आणि दृश्यांश, म्हणजे खडकाचे उघडे पडलेले भाग, विरळ असल्यामुळे साधनाचे गुण व मर्यादा या दोन्ही तेथे स्पष्ट होतात.

भिवंडी हे कामवारी नदीवरील यंत्रमागाचे गाव मुंबईच्या ईशान्येस, सु. १९° १८′ उ. व ७३° ४′ पू. येथे वसलेले आहे. त्याच्या सभोवतीचा बहुतेक प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टी लाव्हा प्रवाहांचा बनलेला असून हे प्रवाह सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचे आहेत. खाडीकडील सखल भागात गाळ व कांदळवनातील चिखल आणि त्याच्या आत भातखाचरांची माती पसरलेली असल्याने खडक सलग दिसत नाही. तो टेकड्यांच्या उतारांवर, ओढ्यांच्या पात्रांत, मुंबई-नाशिक महामार्गाच्या कापणींत, विहिरींच्या आतील भिंतींवर आणि खडीच्या खदानींमध्ये पहावा लागतो. एका प्रवाहाचा घट्ट, बारीक कणांचा मधला भाग आणि त्याच्या माथ्याकडील कुहरी भाग, म्हणजे वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला व त्यांत झिओलाइट, क्वॉर्ट्‌झ इ. खनिजे भरलेली असलेला भाग, यांतील फरक ओळखणे हे येथील पहिले काम होय. दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी तांबूस, मातकट थर आढळतो. त्यास लाल बोल म्हणतात. सीमा शोधणाऱ्याला याच्याइतकी सोयीची खूण दुसरी नाही, पण तो सर्वत्र असतोच असे नाही.

या परिसराचे विशेष महत्त्व त्याच्या संरचनेमुळे आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेत लाव्हा प्रवाह जवळजवळ आडवे दिसतात, तर किनाऱ्याच्या बाजूस ते पश्चिमेकडे झुकलेले आढळतात. हा बदल ज्या उत्तर-दक्षिण पट्ट्यात होतो त्यास पनवेल वाक असे नाव असून भिवंडी-कल्याणचा प्रदेश या पट्ट्याच्या सान्निध्यात येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील जॉन बिकनेल ऑडन (इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे बंधू) यांनी १९४९ साली पश्चिम भारतातील भित्तींवर प्रसिद्ध केलेला निबंध या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या लेखनांत गणला जातो. वाकाचे कारण काय, तो खरोखर वाक आहे की विभंगांमुळे तुकडे झुकून आलेले रूप आहे, यासंबंधी पुढे बराच ऊहापोह झाला आहे. कोकणातील उष्ण झऱ्यांची रांग साधारणपणे उत्तर-दक्षिण जाते व भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील तानसा नदीकाठची कुंडे तिच्यातच मोडतात. त्यामुळे खोलवरच्या भेगांचा प्रश्न येथे ओघानेच उपस्थित होतो. अशा प्रश्नांचा निर्णय शेवटी अनेक ठिकाणी मोजलेल्या कलांवर व काळजीपूर्वक मांडलेल्या सीमांवर अवलंबून असतो. विद्यार्थ्याच्या वहीतील एक नोंद त्यामानाने क्षुल्लक दिसली, तरी नकाशा अशाच नोंदींचा बनतो.

जीपीएस येण्यापूर्वी स्थाननिश्चितीचे काम भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलवर्णनात्मक पत्रक, होकायंत्र व पावले यांच्या साहाय्याने होत असे. भिवंडीसाठी १ : ५०,००० प्रमाणाचे ४७ ई/३ हे पत्रक लागते. त्यात ७३° ते ७३° १५′ पू. आणि १९° १५′ ते १९° ३०′ उ. एवढा प्रदेश येतो. कल्याण मात्र दक्षिणेकडील ४७ ई/४ या पत्रकात जाते, त्यामुळे दोन्ही गावांमधील भागात काम करणाऱ्यांना दोन पत्रके जोडून घ्यावी लागतात. निरीक्षक नकाशात ओळखता येणाऱ्या दोन-तीन शिखरांच्या दिशा होकायंत्राने घेई व त्यांवरून उलट रेषा काढून त्यांच्या छेदावर आपले स्थान निश्चित करी. तीन रेषा एका बिंदूत क्वचितच मिळत. त्यांचा लहानसा त्रिकोण बने आणि त्याच्या आकारावरून चुकीचा अंदाज येई. दोन ज्ञात ठिकाणांमधील अंतर पावलांनी मोजले जाई. ही पद्धत वेळखाऊ होती आणि सपाट, झाडीच्या किंवा धुक्याच्या जागी ती कुंठित होई. तथापि तिच्यात एक गुण होता. स्थान शोधण्यासाठी विद्यार्थ्याला समोच्च रेषा वाचाव्या लागत, डोंगराचा आकार नकाशाशी ताडून पहावा लागे आणि त्या खटपटीतच भूरूप व खडक यांचा संबंध त्याच्या ध्यानी येई. इंग्लंडमध्ये विल्यम स्मिथ यांनी १८१५ साली प्रसिद्ध केलेला भूवैज्ञानिक नकाशा पायी व घोडागाडीने हिंडून केलेल्या निरीक्षणांवर आधारलेला होता, हे या संदर्भात आठवण्याजोगे आहे.

कार्यपद्धती : जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली प्रणाली आहे. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला व १९९५ साली २४ उपग्रहांची रचना पूर्णपणे कार्यान्वित झाल्याचे जाहीर झाले. उपग्रह सु. २०,२०० किमी. उंचीवरून सहा कक्षांत फिरतात. प्रत्येक उपग्रह आपली वेळ व कक्षेची माहिती रेडिओ तरंगांनी सतत प्रक्षेपित करतो. संदेश निघाल्याची व पोहोचल्याची वेळ यांतील अंतरास प्रकाशवेगाने गुणले की उपग्रहापर्यंतचे अंतर मिळते. ग्राहीतील घड्याळ उपग्रहातील आणवीय घड्याळाइतके अचूक नसते आणि वेळेत एक मायक्रोसेकंदाची चूक झाल्यास अंतरात सु. ३०० मी. चूक येते. म्हणून स्थानाच्या तीन अज्ञातांबरोबर घड्याळाची चूक ही चौथी अज्ञात राशी मानतात व त्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. नागरी वापरासाठीच्या संदेशात पूर्वी हेतुतः दोष मिसळला जात असे व त्यामुळे स्थान सु. १०० मीटरांपर्यंत चुके. हा दोष २ मे २००० रोजी बंद करण्यात आला. शैक्षणिक क्षेत्रकार्यात हाती धरावयाचे ग्राही खऱ्या अर्थाने उपयोगी ठरले ते त्यानंतरच.

आजच्या ग्राहींमध्ये अमेरिकेच्या उपग्रहांबरोबर रशियाचे ग्लोनास, यूरोपचे गॅलिलिओ व चीनचे बैदू यांचेही संदेश वापरले जातात. भारताने सात उपग्रहांची स्वतःची प्रादेशिक प्रणाली २०१३ ते २०१६ या काळात अवकाशात स्थापिली. तिला नाविक हे नाव देण्यात आले. विमानवाहतुकीसाठी तयार केलेली गगन ही प्रणाली जीपीएसच्या संदेशातील चुकांची दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत पुरविते. अशा सर्व साधनांस व्यवहारात सरसकट जीपीएस म्हटले जाते व येथेही तोच अर्थ अभिप्रेत आहे.

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या ग्राहीची क्षितिजसमांतर चूक सामान्यतः ३ ते ५ मी. असते. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ५ मी. म्हणजे ०·१ मिमी. होय. टोकदार पेन्सिलीची रेघही याहून जाड असते. यावरून जीपीएसने नकाशांकनातील स्थानाचा प्रश्न कायमचा सुटला असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. खदानीच्या उभ्या भिंतीपाशी निम्मे आकाश झाकले जाते आणि उपग्रहांचे संदेश भिंतीवरून परावर्तित होऊन पोहोचतात. गर्द झाडीत व अरुंद ओढ्यातही असेच घडते. आणि नेमक्या याच जागी खडक उत्तम दिसतो. अशा वेळी मोकळ्या जागी उभे राहून स्थान घ्यावे व तेथून दृश्यांशाची दिशा आणि अंतर मोजून वहीत स्वतंत्रपणे लिहावे. फोनच्या पडद्यावर दिसणारे अचूकतेचे वर्तुळही नीट समजून घ्यावयास हवे. ते बहुधा ६८ टक्के शक्यता दर्शविते, म्हणजे अशा तीन स्थानांपैकी सरासरीने एक त्या वर्तुळाबाहेर असणे स्वाभाविक आहे.

संदर्भाधार : विद्यार्थ्यांच्या नकाशांत आढळणारी सर्वांत फसवी चूक साधनाची नसून संदर्भाधाराची, म्हणजे सर्वेक्षक ज्यास डेटम म्हणतात त्याची असते. अक्षांश व रेखांश हे पृथ्वीच्या कोणत्या तरी गणिती आकारावर मोजलेले असतात. भारताची जुनी पत्रके जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली निश्चित केलेल्या विवृत्ताभावर आधारलेली आहेत. हा आकार भारतीय उपखंडाला जुळेल असा घेतला होता व त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथे होता (त्याचा ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी काही संबंध नाही). जीपीएस मात्र १९८४ ची जागतिक भूगणितीय प्रणाली, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, वापरते आणि तिचा मध्य पृथ्वीच्या गुरुत्वमध्याशी जुळविलेला आहे. परिणामी एकाच जागेचे दोन्ही प्रणालींतील आकडे वेगळे येतात. भिवंडीच्या आसपास हा फरक उत्तर-दक्षिण दिशेत शंभर मीटरांच्या आतबाहेर व पूर्व-पश्चिम दिशेत त्याहून काहीसा कमी आहे. ग्राहीवरील आकडे जुन्या पत्रकाच्या जाळीवर तसेच मांडले, तर बिंदू खऱ्या जागेच्या वायव्येस पडतो आणि नकाशावर ही सरक दोन मिलिमीटरांहून अधिक भरते.

दोन मिलिमीटर हे प्रमाण वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु या भागातील भित्ती पुष्कळदा १०-२० मीटरच रुंद असतात. अशी भित्ती सरकली तर ती नकाशावर टेकडीच्या धारेऐवजी उतारावर येते आणि तिचा व भूरूपाचा संबंध तुटतो. याचा व्यावहारिक परिणामही आहे. भित्तीचा खडक घट्ट असल्यास ती भूमिजलाच्या प्रवाहास बांधाप्रमाणे अडविते व तिच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी राहून खालच्या अंगाच्या विहिरी लवकर आटतात, हे कोकणात व देशावर सर्वत्र अनुभवास येते. ज्या नकाशात भित्ती शंभर मीटर सरकलेली आहे त्याच्या आधारे कूपनलिकेची जागा ठरविल्यास ती भित्तीच्या चुकीच्या अंगास पडू शकते.

ही चूक ओळखण्याची रीत सोपी आहे. कामाच्या पहिल्या सकाळी पूल, रस्त्यांचा छेद, जुने देऊळ अशा नकाशात स्पष्ट असलेल्या तीन-चार जागी उभे राहून ग्राहीचे आकडे नकाशाशी ताडून पहावेत. सर्व बिंदू एकाच दिशेस व सारख्याच अंतराने सरकलेले आढळल्यास दोष संदर्भाधाराचा असतो. ते निरनिराळ्या दिशांना विखुरलेले असल्यास दोष ग्राहीचा किंवा निरीक्षकाचा असतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने नागरी वापरासाठी काढलेली पत्रके डब्ल्यूजीएस ८४ वर आधारलेली असल्याने त्यांच्या बाबतीत हा प्रश्न उद्‌भवत नाही. मात्र महाविद्यालयांच्या कपाटांत जुनी पत्रके व त्यांच्या छायाप्रती अजूनही असतात, आणि छायाप्रत काढताना कागदाचे प्रमाण थोडे बदलते ही आणखी एक अडचण असते. भूस्थानिक माहितीच्या वापरावरील निर्बंध केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बरेच शिथिल केले, त्यामुळे अंकीय नकाशे मिळविणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे.

आकडे लिहिण्याच्या पद्धतीतूनही घोटाळे होतात. भिवंडीचा अक्षांश दशांश अंशांत १९·३० असा येतो. तोच १९° ३०′ असा वाचला, तर बिंदू १२ कलांनी म्हणजे सु. २२ किमी. उत्तरेस जाऊन वज्रेश्वरीच्या अक्षांशापर्यंत पोहोचतो. एवढी मोठी चूक लगेच लक्षात येते, लहान चुका येत नाहीत. दशांश अंशांत तीनच स्थळे लिहिल्यास सु. १०० मी. एवढी संदिग्धता राहते, पाच स्थळे लिहिल्यास ती सु. एक मीटर होते. सात-आठ स्थळे लिहिण्यास मात्र काहीच अर्थ नाही, कारण ग्राहीची स्वतःची चूकच काही मीटरांची असते. मीटरांतील जाळी वापरावयाची असल्यास भिवंडी ४३ व्या उत्तर विभागात येते, हे नोंदीच्या शीर्षभागीच लिहून ठेवावे.

उंची व कल : जीपीएसने मिळणारी उंची ही क्षितिजसमांतर स्थानापेक्षा दोन-तीन पटींनी अधिक चुकीची असते, कारण सर्व उपग्रह निरीक्षकाच्या वरच असतात, खाली एकही नसतो. शिवाय मूळ आकडा विवृत्ताभापासूनच्या उंचीचा असतो, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा नव्हे. मुंबई-ठाण्याच्या भागात सरासरी समुद्रपृष्ठ या विवृत्ताभाच्या साठ मीटरांहून अधिक खाली आहे. म्हणून दुरुस्ती न करणाऱ्या फोनवर भिवंडीसारख्या सखल जागी उंची ऋण दिसते आणि विद्यार्थी साधन बिघडल्याची तक्रार करतो. साधन बिघडलेले नसते.

पनवेल वाकाच्या परिसरात उंचीचा प्रश्न विशेष गंभीर होतो. येथील प्रवाहांचे कल पुष्कळदा इतके अल्प असतात, की बेसाल्टाच्या खडबडीत पृष्ठावर नतिमापक टेकवून ते खात्रीने मोजता येत नाहीत. त्याऐवजी एकाच सीमेवरील तीन ठिकाणांची स्थाने व उंची घेऊन त्यांतून जाणाऱ्या प्रतलाची नती व नतिलंब काढतात. समजा, एखादा लाल बोलाचा थर पश्चिमेस ६° झुकलेला आहे. ५०० मी. अंतरावर तो सु. ५३ मी. खाली जाईल. दोन ठिकाणांच्या उंचीतील फरकात १० मी. चूक झाली, तर नतीचे उत्तर सु. ५° ते ७° या मर्यादेत राहील व थर झुकलेला आहे हा निष्कर्ष टिकेल. परंतु तीच मोजणी १०० मी. अंतरातच केली, तर थर केवळ सु. १०·५ मी. उतरलेला असेल आणि त्याच १० मी. चुकीमुळे उत्तर जवळजवळ शून्यापासून ११° पर्यंत काहीही येईल. म्हणजे प्रवाह सह्याद्रीतल्यासारखे आडवे आहेत की किनाऱ्याकडे झुकलेले आहेत, हा जो या प्रदेशातील मुख्य प्रश्न, तोच अनुत्तरित राहील. यास्तव निरीक्षणांची ठिकाणे शक्य तितकी दूरदूर व एका रेषेत न येतील अशी निवडावीत. उंचीसाठी वायुदाबमापकी उंचीमापक किंवा नकाशातील समोच्च रेषा व ज्ञात उंचीच्या खुणा यांचा आधार घ्यावा. वायुदाब दिवसभरात बदलत असल्याने असा उंचीमापक एखाद्या ज्ञात खुणेपाशी अधूनमधून जुळवून घ्यावा लागतो. प्रवाहाचा माथा मुळातच काही मीटर उंचसखल असू शकतो, हे वेगळेच. त्यामुळे तीनच बिंदूंवर विसंबणे धोक्याचे असते व अधिक बिंदू घेतल्यास एखादा बिंदू विसंगत असल्याचे उघड होते.

नतिमापन व दिशामापन यांसाठी फोनमधील संवेदक वापरण्याची प्रथा वाढत आहे. नतीसाठी ते पुष्कळ अंशी विश्वसनीय असतात, कारण ते गुरुत्वाकर्षणाची दिशा मोजतात. दिशेसाठी ते चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असल्याने फोनच्या आवरणातील चुंबक, हातोडा, खदानीतील यंत्रे किंवा जवळून जाणारी विद्युत्‌वाहिनी यांमुळे चुकतात. बेसाल्टामध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असल्यामुळे खडकाला टेकविलेले साधे होकायंत्रही थोडेफार विचलित होते. दूरच्या खुणेची दिशा खडकापासून काही पावले मागे सरून पुन्हा घेतल्यास ही विचलनाची चूक उघड होते. चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांमधील कोन या भागात एका अंशाहूनही कमी असल्याने त्याची दुरुस्ती विद्यार्थ्याच्या कामात नगण्य ठरते.

जीपीएसचा सर्वांत चांगला उपयोग बहुधा रेषेने जाणाऱ्या घटकांच्या बाबतीत होतो. ठाणे जिल्ह्यात भित्ती पुष्कळ ठिकाणी शेतांच्या वर उठलेल्या अरुंद धारांच्या रूपात दिसतात. आजूबाजूचा प्रवाह झिजला व भित्ती टिकून राहिली, असा त्याचा अर्थ. अशा धारेवरून चालत जाताना ग्राही मार्गाची नोंद आपोआप करतो व रेषा पावलागणिक नकाशावर उमटते. जुन्या पद्धतीने याला अर्धा दिवस लागे. तरीही चालण्याची रेषा म्हणजे भित्तीची सीमा नव्हे. भित्तीच्या कडेला शिलारस लवकर थंड झाल्याने तेथील खडक अतिशय बारीक कणांचा, कधी काचेसारखा असतो. तिच्यातील स्तंभाकार संधी तिच्या भिंतींशी काटकोनात, म्हणजे बहुधा आडव्या असतात, तर लाव्हा प्रवाहातील स्तंभ उभे असतात. या खुणा जेथे दिसतील तेथे थांबून दोन्ही कडांचे स्वतंत्र बिंदू घ्यावेत व धार मध्येच नाहीशी झाल्यास तेथून पुढची रेषा तुटक काढावी. संगणकावरील नकाशात सलग रेषा काढणे सोपे असते आणि तुटक रेषा काढावयास मुद्दाम विचार करावा लागतो. न पाहिलेल्या सीमा पाहिल्यासारख्या दाखविण्याचा दोष विद्यार्थ्यांच्या नकाशांत येण्याचे हे एक कारण असावे. उपग्रहांवरून घेतलेल्या प्रतिमांत अशा धारा रेषांच्या रूपाने उठून दिसतात व कामाची आखणी करताना त्या प्रथम पाहून घेणे लाभदायक असते. परंतु त्याच प्रतिमेत शेताचे बांध, जुन्या वाटा व जलवाहिन्याही रेषांसारख्याच दिसतात.

मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालय, पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था, पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालय व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ अशा भूविज्ञान शिकविणाऱ्या संस्थांना दक्षिण ट्रॅपचे प्रदेश हे क्षेत्रकार्यासाठी जवळचे आहेत. पावसाळा संपून गवत वाळल्यानंतरचे, साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने कामास सोयीचे असतात. गट लहान असावा. एकाने ग्राही हाताळावा, दुसऱ्याने खडक फोडून पहावा व तिसऱ्याने लिहावे, आणि ही कामे रोज बदलावीत, अन्यथा ग्राही हाताळणारा विद्यार्थी आठवडाभर खडकाकडे न पाहताच परततो. पहिला दिवस केवळ पत्रक व होकायंत्र यांवर काम करण्यात घालवून दुसऱ्या दिवशी त्याच जागा जीपीएसने तपासणे इष्ट होय. ज्याने स्वतः एकदा दिशारेषांचा त्रिकोण काढला आहे, त्यालाच ग्राहीने दिलेला आकडा संशयाने पाहता येतो. प्रत्येक नोंदीत बिंदूचा क्रमांक, दिनांक, अक्षांश-रेखांश, संदर्भाधार, ग्राहीने दाखविलेली चूक, खडकाचे वर्णन, नती व नतिलंब, नमुन्याचा क्रमांक आणि छायाचित्र कोणत्या दिशेस तोंड करून घेतले हे सर्व असावे. शिवाय वहीत हाताने काढलेली आकृती असावी. विद्युत्‌घट संपला तरी वही चालू राहते.

या नोंदींना भिवंडीत एक वेगळेच महत्त्व आले आहे. महामार्गालगत माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या बाजूंना गोदामांचे विस्तृत क्षेत्र वाढत गेले असून त्यासाठी टेकड्यांचे उतार सपाट केले जातात, सखल जागी भराव टाकला जातो आणि रस्त्यांच्या कापणींवर काँक्रीटचे अस्तर चढते. खदान चालू असते तोवर तिच्यात दर मोसमात नवा छेद दिसतो. ती बंद पडली की पावसाच्या पाण्याने भरते किंवा राडारोड्याने बुजते. पूर्वीच्या अहवालांत ‘गावाच्या पूर्वेस अर्ध्या मैलावरील खदानीत’ अशा शब्दांत वर्णिलेले दृश्यांश आज शोधून सापडणे कठीण आहे, कारण गावाची पूर्वेकडील हद्दच राहिलेली नाही. ज्या ठिकाणी संदर्भाधारासह अक्षांश-रेखांश नोंदले गेले आहेत, तेथे निदान एवढे सांगता येते, की या गोदामाच्या जोत्याखाली लाल बोलाचा थर होता व तो पश्चिमेस इतक्या अंशांनी झुकलेला होता. खदानींत जाण्यापूर्वी मालकाची अनुमती घेणे, सुरुंगाच्या वेळा विचारून घेणे व उभ्या भिंतीच्या पायथ्याशी न थांबणे आवश्यक असते. बंद खदानींतील पाणी खोल असते व त्याच्या कडा निसरड्या असतात.